रद्द केलेला पहिला कागद

बाईंबद्दल कुणालाही विचारा, लोक सांगतील की त्यांनी हजारभर मुलांचं आयुष्य मार्गी लावलं. खोटं नाही ते. त्यातले निदान नऊशे अहवाल मीच टाइप केलेत, माझ्या बोटांना विचारा. पण एक मुलगी राहून गेली आणि ती नेमकी त्यांच्या घरातली होती. ती स्वतः हे सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून मी सांगते. मला गोडगोड बोलता येत नाही, तेवढं आधी ऐकून ठेवा.

आमचं केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, माझं टाइपरायटर, पालकांसाठी एक लांब बाक आणि करकरणारा पंखा. आतल्या खोलीत एक बुटकं टेबल आणि चार बुटक्या खुर्च्या. बाई स्वतःसुद्धा त्या बुटक्या खुर्चीवरच बसायच्या, गुडघे पार हनुवटीला टेकायचे. दारावर पाटी होती, 'शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ'. ती वाचूनच अर्धे लोक दारात घुटमळायचे. एका आईने मला हळूच विचारलं, "अहो ताई, वेड्यांच्या डॉक्टर का या?" मी म्हटलं, "छे हो, इथे शहाणी मुलंच येतात. वेडे त्यांच्याबरोबर येतात." आतून बाईंचा आवाज आला, "टकटक!" त्या मला टकटकच म्हणायच्या, टाइपरायटरमुळे. मग मी जीभ चावली आणि कामाला लागले.

बाईंची पद्धत ठरलेली. मूल आलं की आधी माझ्याकडे. मी त्याच्यापुढे बोथट पेन्सिलींचा डबा आणि शार्पनर ठेवायची. मूल पेन्सिलींना टोक काढत बसायचं आणि तेवढ्यात बाई आत आईबापांशी बोलून घ्यायच्या. मधलं दार प्लायवुडचं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. शंभरातले नव्वद जण सुरुवात एकाच शब्दाने करायचे. "आळशी आहे हो." बाई लगेच हात वर करायच्या. "हा शब्द या खोलीत चालत नाही. बाहेर बाकावर ठेवून या."

एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला होता. माणूस केवढा थोरला, दारातून आडवा होऊनच आत शिरला असेल. मुलगी तिसरीत, वाचता येईना, रोज मार खायची. "आळशी आहे, दुसरं काही नाही," असं तो तीन वेळा म्हणाला. बाईंनी त्याच्यापुढे आरसा उभा केला, हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरला आणि सांगितलं, आता हाताकडे बघायचं नाही, फक्त आरशात बघून ही चांदणी गिरवायची. दोन मिनिटं. खटकन स्टॉपवॉच दाबलं आणि वर लागल्या बोलायला. "चला, पटापट! अजून पहिलीच रेघ? लक्ष कुठाय तुमचं? बाकीच्यांचं झालंसुद्धा!" माणूस घामाघूम. पेन्सिलीचं टोक मोडलं. शेवटी ओरडलाच, "अहो, डोळ्याला दिसतंय पण हात ऐकत नाही ना!"

बाईंनी घड्याळ बंद केलं. "तुमची मुलगी रोज सहा तास असं करते. तुम्ही आळशी आहात का?"

तो धिप्पाड माणूस त्या बुटक्या खुर्चीवर बसून असा काही रडला की बाहेर त्याची मुलगी टोक काढायचं थांबली. मी टेबलाच्या खणात धुतलेले रुमाल ठेवायची ते याचसाठी. माझा अनुभव आहे, बायका दारात रडतात, पुरुष आरशापुढे.

पुढचं काम लांबलचक आणि कंटाळवाणं असायचं, त्याचं कुणी कौतुक करत नाही. बाई त्या मुलीच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायच्या, मुख्याध्यापकांशी वाद घालून परीक्षेला जास्त वेळ मागून घ्यायच्या, तोंडी उत्तरं चालवून घ्या म्हणून हटून बसायच्या. माझ्याकडून धडे टाइप करून घ्यायच्या, अक्षर मोठं, ओळी लहान, दोन ओळींत भरपूर मोकळी जागा. शनिवारी पालकांना बोलावून शिकवायच्या की मुलाशेजारी बसून वाचायचं कसं. "तुम्ही वाचा, त्याचं बोट ओळीखाली फिरू द्या. टोकायचं नाही. आणि कंटाळा आला म्हणून एक शब्दही गाळायचा नाही, मुलाला कळतं." ड्रायव्हरची मुलगी आता परिचारिका आहे. मला रस्त्यात भेटली की ताई ताई करत गळ्यात पडते.

आता ठकीचं सांगते.

ठकी म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. मी नोकरीला लागले तेव्हा ती आठ वर्षांची होती. वडील ती पाच वर्षांची असताना गेले होते, त्यामुळे शाळा सुटली की पोर केंद्रावर यायची आणि माझ्या टेबलाखाली बस्तान मांडायची. हातात जादू होती तिच्या. एकदा बाईंचं स्टॉपवॉच बंद पडलं, तर ठकीने माझ्या केसातल्या पिनेने ते उघडलं, सगळी दातेरी चाकं फरशीवर मांडली आणि पुन्हा जिथल्या तिथे बसवून चालू करून दिलं. नऊ वर्षांची असताना! बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या. दप्तरातली पुस्तकं मात्र ती माझ्याकडे द्यायची. "मावशी, तू वाच ना. तुझा आवाज किती छान आहे." माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण कौतुक कुणाला नको असतं? मी आपली फुगून वाचून दाखवायची.

शाळेच्या वहीत शेरे यायचे. लक्ष देत नाही. लिहायला टाळाटाळ करते. बाई ओठ आवळून सही करायच्या. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, एकदा हिचीच चाचणी घ्या की."

बाई हसल्या. "हिची काय घेऊ? चाचणीची सगळी पेटी हिला पाठ आहे."

ते असं झालं होतं. नवरा गेल्यावर बाई नोकरीसाठी हे शिक्षण घ्यायला गेल्या. तिथला नियम असा की खऱ्या मुलांना हात लावण्याआधी चाचणीचा भरपूर सराव करायचा, प्रश्न कसा विचारायचा, घड्याळ कधी दाबायचं, चेहरा कोरा कसा ठेवायचा. बाकीच्यांनी शेजारपाजारची मुलं गाठली. बाईंना दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी घरात सहा वर्षांचं पोर, तिला सोडून जाणार कुठे? मग तिच्यावरच सराव. ठोकळे, चित्रं, कोडी, वाचायचा उतारा, सगळं. आठवड्यातून दोनदा. ठकीला तो खेळच वाटायचा. आई एरवी अभ्यासात बुडालेली, तेवढा एक तास ती समोर बसून फक्त आपल्याकडे बघते, हे त्या पोरीला किती हवंहवंसं असेल ते तुम्हीच बघा.

"आणि उतारा कसा घडाघडा वाचते माहितीये?" बाई मला म्हणाल्या. "घरी येतं आणि शाळेत येत नाही, मग याला काय म्हणायचं?"

तो शब्द त्या तेव्हा बोलल्या नाहीत. बोलल्या सात-आठ वर्षांनी, ठकी दहावीला दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी. निकालाचा कागद घेऊन पोर केंद्रावरच आली होती. प्लायवुडच्या दारातून मी ऐकलं. "आळस! नुसता आळस आहे हा! डोकं आहे, हात आहेत, आणि दाखवायची तयारी नाही!"

मग ठकीचा आवाज आला, अगदी शांत. "आई, हा शब्द या खोलीत चालत नाही ना?"

आणि फाडकन थोबाडीत बसल्याचा आवाज.

मी, जी रस्त्यात कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही, ती हातात फाईल धरून मूग गिळून उभी राहिले. बाईंच्यापुढे काय बोलणार, शिकलेल्या त्या, असं मनाला समजावलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

अठराव्या वर्षी ठकी घर सोडून गेली. चार तासांच्या अंतरावर एका गावात खुर्च्या-कोचांना गाद्या आणि कापड बसवायचा कारखाना होता, तिथे लागली. फोन केला की दोनच वाक्यं. "बरी आहे. ठेवते." मग बाईंनी पत्रं लिहायला सुरुवात केली. वर्षाला तीन, कधी चार. चांगली चार-चार पानी, त्यांच्या त्या तिरक्या, धावत्या अक्षरात. सतरा वर्षं. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. "राग आहे गं तिचा," बाई म्हणायच्या. "दोन ओळी लिहाव्यात एवढीही मी तिची कुणी राहिले नाही." मलाही वाटायचं, पोरगी हट्टी निघाली. मनातल्या मनात मी तिला शिव्यासुद्धा घातल्यात.

बाईंच्या निवृत्तीचा महिना आला आणि आम्ही कपाटं आवरायला काढली. सगळ्यात खालच्या कप्प्यात एक गठ्ठा निघाला, बाईंच्या शिकण्याच्या दिवसांतला. सव्वीस सराव-कागद, सगळे एकाच मुलीचे. वरचे कागद बघितले तर सगळीकडे फर्स्टक्लास. गठ्ठ्याच्या तळाशी पहिला कागद होता. त्यावर लाल शाईने आडवी रेघ मारून लिहिलेलं, 'रद्द. चाचणी घेताना माझी चूक झाली असावी. पुन्हा घेणे.'

मी काही शिकलेली नाही. पण असे नऊशे कागद टाइप केल्यावर एवढं कळतं. शिंप्याला कापड हातात घेतलं की कळतं तसं. तोंडी प्रश्नांचे आकडे सगळे वरचे, वाचनाचे एकदम तळाला. समासात बाईंच्याच हातच्या नोंदी होत्या. 'अक्षरं उलटी.' 'ओळ सोडली.' 'चित्र बघून अंदाजाने वाचते.' म्हणजे हा एकच कागद खरा होता. पुढचे पंचवीस पाठांतराचे.

आता बाईंना सांगायचं कसं? माझी जीभ एवढी लांब, पण ऐन वेळी टाळ्याला चिकटली. मग मी तो कागद दुमडला, लाल शाई आणि समासातल्या नोंदी आत गेल्या. नावावर अंगठा ठेवला आणि आत जाऊन त्यांच्यापुढे धरला. "बाई, जुन्यातला एक सापडलाय. बघा बरं जरा."

बाईंनी चष्मा लावला. अर्ध मिनिटसुद्धा लागलं नाही त्यांना. "सहा वर्षांचं आहे ना? बघ, तोंडी किती हुशार आहे. आणि वाचन बघ. अगं, हे मूल वाचतच नाही, पाठ करतंय, अंदाज बांधतंय. हुशार असल्यामुळे चार-पाच वर्षं वेळ मारून नेईल, कुणाला पत्ता लागणार नाही. मग जमेनासं झालं की सगळे आळशी म्हणून झोडपतील." बाईंचा आवाज चढला. "हे कुणाच्या नजरेतून सुटलं? कुठल्या गाढवाने हे फाईलला लावून ठेवलं? पालकांना आजच्या आज बोलाव, टकटक."

मी अंगठा काढला.

बाई बघत राहिल्या. मग कागदाची घडी उलगडून त्यांनी लाल शाई वाचली. त्यांनीच लिहिलेलं, पण अनोळखी माणसाचं वाचावं तसं ओठ हलवत वाचलं. मागे बुटकी खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या की कोसळल्या, मला सांगता येणार नाही. शेवटी म्हणाल्या, "मी नवी होते गं. मला वाटलं, मलाच नीट घेता आली नाही. ती इतकी हुशार होती, तिचं असं येईलच कसं?" आणि मग, "पंचवीस वेळा, टकटक. पंचवीस वेळा मी तिला लपवायला शिकवलं."

मी खणातून रुमाल काढून दिला. इतक्या वर्षांत तो बाईंसाठी कधी काढावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "ठकीला पत्र घे. टाइप कर. मोठं अक्षर, लहान ओळी, मधे जागा." म्हणजे तेवढं तरी त्यांना सुचलं होतं. पण सांगायला लागल्या ते तीन पानं. बालपणीची परिस्थिती, सराव-चाचण्यांची मर्यादा, लक्षणं कशी झाकली जातात. मी टाइपरायटरवरचा कागद खेचून काढला. "बाई, हा अहवाल झाला. मुलीला अहवाल पाठवताय का?" रागावल्या नाहीत. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच चार ओळी बोलल्या. मी त्या टाइप केल्या, बाईंनी पाकीट स्वतः पेटीत टाकलं, आणि तरी त्यांना धीर धरवेना. रविवारी आम्ही दोघी बसने ठकीच्या कारखान्यावर गेलो.

आता तो कारखाना ठकीचाच होता म्हणा ना, जुना मालक थकला होता, सगळं तीच बघायची. जिकडेतिकडे उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्या, स्प्रिंगा, स्पंजाचे तक्ते, चुका-खिळ्यांचे डबे, डिंकाचा वास. भिंतीला कापडाचे साठ-सत्तर तागे उभे केलेले. एकावरही चिठ्ठी नाही. प्रत्येक ताग्याला रंगीत दोऱ्यांची गाठ, कुठे लाल-लाल-हिरवा, कुठे एक काळा. गिऱ्हाइकाच्या खुर्चीलाही तशीच गाठ. बाई त्या गाठींकडे बघत जागच्या जागी उभ्या राहिल्या. लिहिल्या-वाचल्यावाचून आपल्या लेकीने सगळा धंदा कसा बांधून काढलाय, हे त्या एका नजरेत वाचत होत्या.

ठकी पस्तिशीची बाई झाली होती. खांदे भरलेले, बोटांना सुयांचे व्रण. तिने हात पुसले. "ये आई. मावशी, तू पण?" दोन खुर्च्या सुलट्या केल्या.

आणि बाईंना बोलता येईना! हजार आईबापांशी बोललेली बाई, स्वतःच्या मुलीपुढे तोंडाला कुलूप. मी कोपराने ढोसलं. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तू... तुला वाचता येत नव्हतं. मला कळलंच नाही."

ठकीने आईकडे बघितलं. रागाने नाही बघितलं, तेच वाईट. "मला वाटायचं, तुला माहीत आहे," ती म्हणाली. "तू तर सगळ्यांच्या मुलांचं ओळखायचीस. मी टेबलाखाली बसून ऐकायची ना. मला वाटायचं, आईला माझंही कळलंय आणि तिला लाज वाटते, म्हणून ती बोलत नाही."

माझ्याच्याने तिथे बसवेना. उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

ठकीने कपाटातून पत्र्याचा डबा आणला. आत सगळी पत्रं, एकूण एक, पात्याने नीट कापून उघडलेली. "सगळी उघडली मी. तुझं अक्षर फार धावतं. एक ओळ कशीबशी लागते, मग सगळं हलायला लागतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं तर भीती, काय लिहिलं असेल, कोण काय म्हणेल." सगळ्यात खाली तेवढं एक बंद पाकीट होतं. परवाच आलेलं, माझ्या हातचं टाइप केलेलं.

"त्यात आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "मला जे सांगायचंय ते त्यात लिहिलंय."

"मग येईल त्याची पाळी. पहिल्यापासून वाच," ठकी म्हणाली. "गाळायचं नाही."

बाईंनी पहिलं पत्र घेतलं. सतरा वर्षांपूर्वीचं. तब्येत, हवा, शेजाऱ्यांचं काही तरी. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या आणि खालच्या ओळीवर गेल्या. "गाळलंस," ठकी म्हणाली. "ओळ सोडताना तुझा श्वास अडकतो. लहानपणी मी तुझ्या श्वासावरूनच उत्तरं ओळखायची, आई. बरोबर ठोकळ्याशी हात गेला की तू श्वास सोडायचीस."

बाई मागे आल्या आणि गाळलेली ओळ त्यांनी वाचली. "आळस सोडलास तर तुला काहीही जमेल. अजून वेळ गेलेली नाही, परीक्षेचा अर्ज भर."

ठकीने मान हलवली, जणू हे तिला आधीच माहीत होतं. "आज एवढंच. आता पुढच्या वेळी."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बाई जायच्या. एका भेटीत एक पत्र. दोघींना तेवढंच सोसायचं. कधीतरी मीही जायची. प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे तो शब्द, नाहीतर त्याचा एखादा सख्खा भाऊ. जिद्द दाखव. मनावर घे. टाळाटाळ पुरे. बाई सगळं वाचायच्या, एकही अक्षर न गाळता, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायच्या. एकदा मी भडकलेच. "बाई, पुरे झाला हा छळ! ते शेवटचं पत्र आधी वाचा. नाहीतर द्या इकडे, मी वाचते तिला."

"नाही," त्या म्हणाल्या. "तिने सांगितलंय त्या क्रमानेच. तिने माझं सगळं ऐकलं लहानपणी. आता माझं मला ऐकू दे."

"अहो, पण तोंडाने सांगा ना! चार ओळी तर आहेत!"

"जीभ वळत नाही गं," बाई म्हणाल्या. "दर वेळी घरून ठरवून निघते. तिथे गेले की ती सहा वर्षांची दिसते."

एकोणिसावं पत्र वाचून आल्या त्याच्या आठवड्याने, दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. मीच ठकीला फोन केला. पलीकडे हातोडीचा आवाज चालू होता, तो थांबला. मग तिने विचारलं, "किती राहिली होती?"

"काय, पत्रं?"

"हो."

मी फोन धरून रडत बसले.

मग मीच जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. गंजलेल्या बिजागरीच्या आवाजात मी बाईंची पत्रं वाचायची आणि ठकी समोर बसून खुर्च्यांना कापड ठोकायची. मीही गाळलं नाही. दीड वर्ष गेलं त्यात. माझ्या पोटात ते चार ओळींचं पत्र सारखं डाचायचं. मीच टाइप केलेलं, मला तोंडपाठ. कितीदा तोंडाशी आलं की सांगून टाकावं. पण बाईंनी जे स्वतः गिळलं ते मी कशी ओकून टाकणार?

गेल्या रविवारी डबा रिकामा झाला. तळाला ते पाकीट राहिलं. मी हात पुढे केला तर ठकी म्हणाली, "थांब मावशी. हे मी बघते." तिने पात्याने पाकीट उघडलं, कागद टेबलावर पसरला. मोठं अक्षर, लहान ओळी, मधे भरपूर जागा. ते बघूनच तिचा चेहरा कसा तरी झाला. असे कागद आई दुसऱ्यांच्या मुलांसाठी करून घ्यायची, ते तिने टेबलाखालून शेकड्यांनी पाहिले होते.

तिने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. "ठ... के." खालच्या ओळीवर आली. "तू." पुढचा शब्द तिने एका दमात वाचला. "आळशी."

आणि थांबली. बोट उचललं. "हा मला येतो," ती म्हणाली. "दरवर्षी प्रगतिपुस्तकावर असायचा." कागद घडी करायला लागली.

"अगं ए बाई!" मी किंचाळलेच. "थांब! पुढे वाच! ओळ संपलेली नाही ती!"

ठकी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने घडी उलगडली आणि बोट पुन्हा त्या शब्दाशी नेलं. पुढचा शब्द तिने तीनदा सुरू केला, तीनदा सोडला. कपाळावर घाम आला होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. टोकायचं नाही, बाई म्हणायच्या. टोकलं नाही मी.

"तू आळशी... नव्हतीस."

मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. सुई आत-बाहेर काढावी तसं एकेक अक्षर. "मी... पाहिलं... नाही. चूक... माझी... होती." बाहेरून कुणी गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिने मान वर केली नाही.

सगळं वाचून झाल्यावर तिने कागदावर पालथा हात ठेवला, अंगात ताप आहे का बघतात तसा. "हे तिने तोंडाने का नाही सांगितलं गं, मावशी?" ती म्हणाली. "एकदाच. मग मी तिला पत्रं वाचायला लावलीच नसती की."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बाईंचा असा संताप आला की त्या समोर असत्या तर मी त्यांना बोलले असते. आणि त्या समोर नाहीत म्हणून रडूही आलं. दोन्ही एकदम झालं. खणातले रुमाल कधीच संपले होते, मी बाहीनेच डोळे पुसले.

बाईंचं स्टॉपवॉच आता माझ्या पिशवीत असतं, ठकीने पिनेने उघडलेलं तेच. ठकीला ते माहीत आहे. तिने कागद आपल्या एप्रनच्या खिशात ठेवला, हातोडी उचलली, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती वेळ लागला मला?"

"मोजला नाही गं," मी म्हटलं.